सर्वसंचारी हिमफळी

आमच्या बेळगावास हिम ठाऊक नाही. श्रावणातला पाऊस कॅम्पच्या कौलांवरून आठवडा आठवडा उतरत राहतो, पौषात सकाळी शाळेच्या पटांगणावर धुके बसते, आणि थंडी फारच पडली तर मुले स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून वर्गात बसतात. याहून अधिक शीत आमच्या वाट्यास येत नाही. असे असूनही कॅम्पचे हिमाशी नाते आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल केंद्र आमच्या गावात आहे. खानापूर, चंदगड, निपाणी, कोल्हापूर, सातारा या भागांतले तरुण येथे शिपाई होतात, आणि त्यांतले कित्येक पुढे काश्मीर, लडाख, सिक्कीम अशा ठिकाणी जातात, की जेथे पाऊल टाकले असता ते गुडघ्यापर्यंत रुतते. याच रेजिमेंटच्या पलटणींनी १९४४-४५ चा हिवाळा इटलीतील ॲपेनाइन पर्वतात काढला होता. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी 'इकडे बर्फ पडतो आहे' हे शब्द दूरध्वनीवरून ऐकलेले असतील. तेव्हा हिमावर माणूस कसा वावरतो, हा प्रश्न आमच्या गावी अगदीच परका म्हणता येणार नाही.

हिमावरून जाण्याचे एक अतिप्राचीन साधन म्हणजे स्की. दोन्ही पायांस एकेक लांब, चिंचोळी, पुढील टोकास वर वळलेली फळी बांधावयाची आणि हिमावरून घसरत जावयाचे, इतकी ती मुळात साधी गोष्ट आहे. हिला आम्ही या लेखात हिमफळी म्हणू. शर्यतीच्या फळ्या यंत्राने दाबून सपाट केलेल्या आखीव उतारावर चालतात. परंतु आज जगभर ज्या फळीची विशेष आवड दिसते तिला फ्रीराइड, म्हणजे मुक्तसंचाराची फळी म्हणतात. आखलेली वाट सोडून डोंगराच्या अंगावर जसे हिम असेल तशा हिमावरून उतरावयाचे, हे तिचे काम. आता प्रश्न असा की, हिम तर जागोजागी वेगळे; मग एकाच फळीने सर्वत्र कसे निभावावे? या प्रश्नाचे उत्तर कारागिरांनी कसे शोधले, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हिम म्हणजे काय ते पाहू. आम्ही बेळगावकर गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ ओळखतो. तो कठीण, पारदर्शक आणि निसरडा असतो. आकाशातून पडते ते हिम याहून निराळे. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमात बहुतेक हवाच असते. त्याच्या एका घनमीटराचे वजन पुष्कळदा ५० ते १०० किलोच भरते. तेच हिम वाऱ्याने, उन्हाने व स्वतःच्या भाराने दबले म्हणजे घनमीटरास चारपाचशे किलोपर्यंत जाते, आणि पूर्ण गोठलेल्या बर्फाचे वजन घनमीटरास सुमारे ९१७ किलो असते. म्हणजे एकाच डोंगराच्या एकाच उतारावर, शंभर पावलांच्या अंतरात, कापसासारखे भुसभुशीत हिम, वाऱ्याने आलेली पापुद्र्यासारखी कठीण साय, उन्हाने भिजलेला जड चिखल आणि काचेसारखा बर्फ असे चारही प्रकार भेटू शकतात. मुक्तसंचाराची फळी या चौघांशीही जमवून घेणारी असावी लागते.

माणूस हिमात रुततो आणि फळी रुतत नाही, याचे कारण आमच्या शेतकऱ्यास पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. चिखलणी झालेल्या भाताच्या खाचरात अनवाणी माणूस पोटरीपर्यंत खाली जातो. पण चिखल सपाट करण्यासाठी बैलांमागे जी फळी ओढतात, तिच्यावर तोच माणूस उभा राहिला तरी ती चिखलावरून सरकत जाते. भार तोच, पण तो अधिक जागेवर वाटला गेला. एक ढोबळ हिशेब करून पाहा. कपडे, बूट व पाठीवरची पिशवी यांसह माणसाचे वजन ८० किलो धरू. दोन्ही बुटांच्या तळांचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर भरेल. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३३ ग्रॅम भार पडला. आता १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ११ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्या घ्या. त्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३,९६० चौरस सेंटिमीटर होते आणि भार उतरतो सुमारे २० ग्रॅमवर. दाब साडेसहा पटींहून कमी झाला! हिमफळीचे पहिले रहस्य एवढेच आहे.

या पहिल्या रहस्यावर माणसाने हजारो वर्षे काम भागविले. उत्तर युरोप व मध्य आशियातील शिकारी लोक प्राचीन काळापासून लाकडी फळ्या वापरीत. तिला आधुनिक रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, नॉर्वे देशाच्या टेलेमार्क भागात. तेथील सोंद्रे नुर्हाइम (१८२५–१८९७) या शेतमजुराचे नाव दोन सुधारणांशी जोडले जाते. त्याने टाचेमागून वळलेल्या डहाळ्यांचा बंध घालून फळी पायास घट्ट बसविली आणि तिची कंबर टोकांहून बारीक केली. पुढे १९२० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील रुडॉल्फ लेटनर याने लाकडी फळीच्या दोन्ही कडांना पोलादाच्या पट्ट्या बसविल्या, त्यामुळे कठीण बर्फावर पकड मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉवर्ड हेड या विमानांच्या कारखान्यातून आलेल्या अमेरिकन अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये लाकूड चिकटवून फळी बनविली. विमानाच्या पंखाची विद्या अशा रीतीने पायाखाली आली.

यानंतरची कथा रुंदीची आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील ॲटॉमिक कंपनीने भुसभुशीत हिमासाठी फारच रुंद फळी काढली. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियातील एलान कंपनीने उलट बाजूने प्रयोग केला. कंबर अधिकच बारीक आणि टोके रुंद केल्यामुळे तिची फळी सहज वळू लागली. पुढे शेन मॅकॉन्की या धाडसी खेळाडूने अलास्कात चक्क पाण्यावरच्या स्की पायांस बांधून हिमावरून उतरून पाहिले. खोल हिम हे पाण्यासारखेच वागते, मग फळीने होडीसारखे का असू नये, हा त्याचा विचार. त्याच्या कल्पनेवरून व्होलांट कंपनीने २००२ साली जी फळी काढली, तिची दोन्ही टोके वर उचललेली होती आणि कंबर बारीक नसून उलट रुंद होती. खोल हिमात ती अप्रतिम चालली. परंतु कठीण, दाबलेल्या उतारावर तिला आवरणे जड जाई. या एका उदाहरणात आमच्या विषयाचा सारा पेच आला आहे. मऊ हिमाला जे हवे तेच कठीण बर्फाला नको असते.

हा पेच नीट समजून घेऊ. पहिला मुद्दा रुंदीचा. फळीची रुंदी कमरेपाशी, म्हणजे पायाखाली मोजतात. वळणावळणाच्या शर्यतीच्या फळीची कंबर सुमारे ६६ मिलिमीटर असते, मुक्तसंचाराच्या सर्वसाधारण फळीची ९५ ते ११०, आणि केवळ खोल हिमासाठी असलेल्या फळीची ११५ हून अधिक. रुंद फळी तरते हे आम्ही पाहिलेच. मग सर्वच फळ्या रुंद का करू नयेत? कारण कठीण बर्फावर माणूस फळीच्या पृष्ठभागावर उभा नसतो, तो तिच्या एका कडेवर उभा असतो. फळी तिरपी करून तिची पोलादी कड बर्फात रुतवावी लागते. ६६ मिलिमीटरच्या फळीत ही कड पायाच्या मध्यरेषेपासून ३३ मिलिमीटरवर असते, तर १०४ मिलिमीटरच्या फळीत ५२ मिलिमीटरवर. तरफेचा नियम आपण शिकलाच आहात. भुजा लांबली की बल तेच असूनही परिणाम वाढतो. बर्फ कडेला जितक्या जोराने वर रेटतो, तितक्या जोराने रुंद फळी पुन्हा सपाट होऊ पाहते आणि घोट्यास व गुडघ्यास शीण देते. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यासही तिला अधिक वेळ लागतो. म्हणून सर्वसंचारी फळीची कंबर शंभर मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. येथे कोणालाही सर्व काही मिळालेले नाही, पण प्रत्येकाचे चालते.

दुसरा मुद्दा कमानीचा. जुन्या पद्धतीची फळी सपाट जमिनीवर ठेवली तर तिची दोन टोके टेकतात आणि मधला भाग काही मिलिमीटर उचललेला राहतो. ही कमान बैलगाडीच्या नव्हे, पण टांग्याच्या पाट्याप्रमाणे काम करते. माणूस उभा राहिला की ती दबते आणि त्याचा भार केवळ पायाखाली न राहता टोकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे कडेची सारी लांबी बर्फावर दाबली जाते आणि पकड घट्ट येते. परंतु खोल हिमात हाच गुण दोष ठरतो, कारण दाबलेले टोक हिमात खाली शिरू पाहते आणि माणूस तोंडघशी पडतो. तेथे हवी होडीची रीत. आमच्या मायबोलीत, कोकणीत, होडीला व्हडें म्हणतात. किनाऱ्यावर उभे केलेले व्हडें पाहिले असेल तर ध्यानात येईल की, त्याचा पुढचा भाग अकस्मात वर वळत नाही. तो बराच मागून हळूहळू उचलत आणलेला असतो, म्हणून लाट त्याला भिडत नाही, खालून निघून जाते. फळीचे टोकही असेच लांबवरून उचलले तर ती हिमावर आपोआप चढते.

आता कमानही हवी आणि होडीही हवी, हे कसे जमावे? यावर जो तोडगा निघाला तो आम्हांस या साऱ्या विद्येतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कारागिरांनी फळीची लांबीच वाटून दिली. पायाखालच्या भागात कमान ठेवली, पुढचा भाग होडीसारखा लांबवर उचलला, आणि मागचा भाग थोडासा उचलला. कठीण बर्फावर माणूस मधल्या कमानीच्या बळावर उभा राहतो, तेव्हा उचललेली टोके बाजूस राहतात. खोल हिमात संपूर्ण फळी हिमाला भिडते आणि तेव्हा उचललेली टोके कामास येतात. दोन विरुद्ध मागण्यांची सरासरी काढली असती तर दोन्हीकडे अर्धवट फळी मिळाली असती. येथे प्रत्येक मागणीस तिची जागा नेमून दिली आहे. अर्थात याचेही मोल द्यावेच लागते. टोके उचलल्यामुळे सपाट फळीच्या कडेची जी लांबी बर्फाला लागते ती कमी होते. फळी बरीच तिरपी केली म्हणजे त्यातली काही लांबी पुन्हा कामास येते, सर्व मात्र येत नाही. म्हणून अशी फळी जुन्या फळीहून थोडी लांब घेण्याची पद्धत आहे.

तिसरा मुद्दा वळण्याचा. गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. फळीच्या बाजू सरळ नसतात. टोकांकडे रुंद आणि कमरेपाशी बारीक असल्यामुळे प्रत्येक बाजू म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा चाप असतो. एक प्रयोग करा. वहीच्या पुठ्ठ्याची १८ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती टोकांस ४ सेंटिमीटर व मध्यावर ३ सेंटिमीटर रुंद ठेवा आणि दोन्ही बाजू हलक्या वक्ररेषेने जोडा. ही पट्टी मेजावर एका कडेवर तिरपी धरा. फक्त दोन टोके टेकलेली दिसतील, मध्ये फट राहील. आता मध्यावर बोटाने दाबा. पट्टी वाकेल, फट नाहीशी होईल आणि मेजाला टेकलेली कड एक वक्ररेषा होईल. हिमफळी वळते ती अशी. माणूस तिला हाताने वळवीत नाही. तो तिला तिरपी करून दाबतो आणि ती आपल्या कडेच्या चापावरून चालू लागते.

हा चाप किती त्रिज्येचा? सह्याद्रीच्या सान्निध्यात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथात याचा नियम दिलेला आहे. धनुष्याची दोरी ती जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर तो शर. अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागावे आणि भागाकारात शर मिळवावा, म्हणजे वर्तुळाचा व्यास येतो. एका मुक्तसंचारी फळीची मापे अशी समजा : पुढची रुंदी १३४, कंबर १००, मागची रुंदी १२२ मिलिमीटर, आणि दोन रुंद जागांमधील अंतर १,५०० मिलिमीटर. टोकांची सरासरी रुंदी १२८ मिलिमीटर, कमरेहून २८ ने अधिक. दोन बाजूंत वाटली म्हणजे शर १४ मिलिमीटर. अर्धी जीवा ७५०, तिचा वर्ग ५,६२,५००. त्यास १४ ने भागून १४ मिळविले की सुमारे ४०,१९२ मिलिमीटर, म्हणजे व्यास ४० मीटर व त्रिज्या सुमारे २० मीटर. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या नियमाने आजच्या फळीचे माप निघाले! शर्यतीच्या वळणदार फळीची त्रिज्या १२-१३ मीटर असते, मुक्तसंचारी फळीची बहुधा १८ ते २२. फळी जसजशी अधिक तिरपी करावी तसतसे वळण आखूड होते, कारण मूळ त्रिज्येस तिरपेपणाच्या कोनाच्या कोटिज्येने, म्हणजे पाठ्यपुस्तकात जिला कॉस म्हणतात तिने, गुणावे लागते. ६० अंशांची कोटिज्या अर्धी असते. तेव्हा ६० अंश तिरपी केलेली वीस मीटरची फळी कठीण हिमावर सुमारे दहा मीटरच्या त्रिज्येने वळेल. मऊ हिमात हे गणित इतके काटेकोर राहत नाही. तेथे फळी कोरीत जात नाही, तरंगत वळते. म्हणूनच मुक्तसंचारी फळीत सर्वांत रुंद जागा अगदी टोकाशी न ठेवता पायाकडे थोडी मागे घेतात. तसे न केल्यास टोक हिमात अडकून फळी नको तेथे वळू पाहते.

बाह्य आकाराइतकेच फळीचे अंतरंगही विचार करण्याजोगे आहे. आडवी कापून पाहिली तर ती थरांची दिसते. सर्वांत खाली तळ, त्याच्या दोन्ही बाजूंस पोलादी कडा, त्यावर काचतंतूंचे राळेत भिजविलेले कापड, मध्ये लाकडाचा गाभा, त्यावर पुन्हा काचतंतू वा धातूचा पत्रा आणि शेवटी वरचे आवरण. हे सारे थर साच्यात घालून उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. प्लॅस्टिकच्या युगातही गाभा लाकडाचाच राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पॉप्लर, ॲश, बीच, मेपल, पावलोनिया अशा झाडांच्या पट्ट्या, काही वेळा आमच्या परिचयाचा बांबूही, शेजारी शेजारी चिकटवून हा गाभा होतो. खांद्यावरची कावड आठवा. ती वाकते, पण मोडत नाही आणि पुन्हा सरळ होते. हलकेपणा आणि चिवटपणा यांचा असा संगम सहसा दुसऱ्या पदार्थात इतक्या स्वस्तात मिळत नाही.

गाभा मध्यभागी जाड व टोकांकडे पातळ असतो. याचे कारण ताठपणाचा नियम. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून काही मिलिमीटरच्या फरकाने मध्यभाग घट्ट आणि टोक लवचीक करता येते. पण येथेही पेच आहेच. लांबीत फळी वाकली पाहिजे, पण पिळली जाता कामा नये, नाहीतर कठीण बर्फावर कडेची पकड टोकाशी सुटेल. यासाठी काचतंतू एकाच दिशेने घालीत नाहीत. काही धागे लांबीस समांतर आणि काही तिरपे, ४५ अंशांच्या आसपास, घालतात. लांबीचे धागे वाकण्याचे प्रमाण ठरवितात, तिरपे धागे पीळ रोखतात. ज्या घरी टोपल्या विणतात तेथील मुलांना धाग्याच्या दिशेचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

शेवटचा पेच वजनाचा. चढून जावयाचे असेल तर फळी हलकी हवी. वेगाने उतरताना मात्र हलकी फळी खडबडीत हिमावर थरथरते आणि कड सुटते. थरथर शमविण्यासाठी कित्येक फळ्यांत टायटॅनल नावाच्या धातूचे पातळ पत्रे घालतात. नाव ऐकून ते टायटॅनियम असेल असे वाटते, परंतु ती वस्तुतः ॲल्युमिनियमची एक मिश्रधातू आहे. पत्र्यास लागून रबराचा पातळ थरही असतो. सर्वसंचारी फळीत कारागीर पुन्हा तीच युक्ती करतात. पायाखाली व मध्यभागी धातू, टोकांकडे हलके लाकूड.

फळी घसरते कशी, हेही पाहिले पाहिजे. बर्फावरचा पाय घसरतो त्याला पातळसा ओलावा कारण होतो. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून दाखविले की, घर्षणाच्या उष्णतेने फळीखालचे हिम किंचित वितळते आणि त्या पाण्याच्या अतिसूक्ष्म थरावरून फळी सरकते. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू मुळातच सैल बांधलेले असतात, याचाही त्यात वाटा आहे, असे पुढील संशोधनाने दिसले. फळीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. दुधाची पिशवी ज्या द्रव्याची असते त्याच कुळातला हा पदार्थ, फक्त याच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब, म्हणून तो झिजत नाही. त्याची भुकटी दाबून व तापवून केलेल्या तळात सूक्ष्म छिद्रे राहतात, ती मेण शोषून घेतात. तळावर बारीक रेघाही पाडलेल्या असतात. ओल्या हिमात तळ व पाणी यांमध्ये दोन ओल्या काचांसारखी चिकटण येते, ती या रेघा मोडतात.

फळी आणि माणूस यांना जोडणारा दुवा म्हणजे बंध. तो दोन विरुद्ध कामे करतो. वळताना पाय फळीस घट्ट धरून ठेवावयाचा, आणि पडताना तोच पाय सोडून द्यावयाचा. लांब फळी पायास बांधलेली असता माणूस पडला तर ती तरफेसारखी पिळते आणि नडगीचे हाड मोडू शकते. म्हणून बंधात स्प्रिंग असते. माणसाचे वजन, उंची, वय, बुटाची लांबी व कौशल्य पाहून तिचा ताण ठरवितात. चढणीसाठी केलेल्या बंधात टाच मोकळी होते आणि तळाला केसाळ पट्टी चिकटवितात. तिचे केस मागे झुकलेले असल्याने फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत. आज त्या मोहेर लोकरीच्या किंवा नायलॉनच्या असतात.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात हिमफळीचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. १९४८ च्या डिसेंबरात तेथे १९व्या पायदळ डिव्हिजनची स्की-शाळा निघाली. तिच्यामागे प्रेरणा होती ती आमच्याच राज्यातील कोडगूचे सुपुत्र आणि पुढे १९५७ साली भूदलप्रमुख झालेले थिमय्या यांची. हीच शाळा १९६२ पासून हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नावाने ओळखली जाते. गुलमर्गच्या आकाशपाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला. तो माणसास अफरवट पर्वताच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास, नेऊन सोडतो. वरून आखीव वाटा थोड्या आणि मोकळे उतार अफाट, म्हणून मुक्तसंचाराचे रसिक जगभरातून तेथे येतात. त्याच परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये वळणांच्या दोन शर्यतींत भारतातर्फे उतरला. त्याच्या पायांतल्या फळ्या मात्र अरुंद, शर्यतीच्या होत्या. ज्याचे काम एकच, त्याचे साधनही एकाच कामाचे असते.

आखीव वाट सोडण्याबरोबर एक संकटही पत्करावे लागते. हिमाचे थर एकावर एक साचतात. खालचा थर दुर्बळ असला तर वरचा थर माणसाच्या भारानेही सुटून खाली कोसळतो. असे हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि हे तेच उतार आहेत जे फळीवरून उतरण्यास सर्वांत रम्य वाटतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर काढता आला तर वाचण्याची आशा बरीच असते, पुढे ती झपाट्याने मावळते. म्हणून जाणते लोक एकटे जात नाहीत. प्रत्येकाजवळ संकेत देणारे व घेणारे यंत्र, हिमात खुपसून शोध घेण्याची लांब सळई आणि फावडे असते, आणि ते वापरण्याचा सरावही असतो. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळ प्रशिक्षण घेणाऱ्या अनेक सैनिकांचा हिमलोटाने बळी घेतला. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर सुमारे १९,६०० फुटांवरील ठाण्यावर हिम कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांतले लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीस दिल्ली येथे त्यांनी प्राण सोडला. ते आमच्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचे. ते खेळत नव्हते, आपल्या ठाण्यावर होते. हिमाचे सामर्थ्य किती असते हे कळावे म्हणून त्यांचे स्मरण येथे केले.

तेव्हा सर्वसंचारी म्हणजे सर्वसमर्थ नव्हे, एवढे ध्यानी धरावे. रुंदी वाढविली तर पकड गेली, टोके उचलली तर कड आखुडली, वजन कमी केले तर थरथर वाढली. कारागिराने प्रत्येक वेळी काहीतरी देऊन काहीतरी घेतले, आणि जे घेतले ते फळीवर योग्य जागी ठेवले. कोणत्या उतारावर पाऊल घालावे आणि कोणत्या उतारावरून परत फिरावे, हे मात्र कोणत्याही फळीत घालता आलेले नाही. ते माणसानेच शिकावे लागते. आपल्यापैकी ज्यांचे वडील, काका वा मोठे बंधू उत्तरेच्या सीमेवर राहून आले असतील त्यांनी त्यांना एकदा विचारावे, की तुम्ही हिमाचे किती प्रकार पाहिलेत आणि पाय ठेवण्यापूर्वी ते कसे ओळखत होता? जे आम्ही येथे अंकांनी मांडले, ते त्यांच्या पायांना अनुभवाने ठाऊक असेल.